पाळण्याचा काळा दोरा

सुनेने पाळणा आतल्या खोलीतच टांगायचा हट्ट धरला, तेव्हाच मला शंका आली.

घाटंजीत आमचं घर तीन खोल्यांचं. समोरच्या खोलीत छताला पाळण्याच्या कड्या पहिल्यापासून आहेत. घर बांधताना मी उभं राहून मिस्त्रीकडून त्या बसवून घेतल्या होत्या. दार उघडलं की तिथे वारा येतो. आतली खोली म्हणजे भट्टी. पश्चिमेची भिंत, एकच खिडकी, खिडकीखाली सुनेचं टेबल आणि टेबलावर तिचा कंप्युटर. तिथे पाळणा टांगायचा म्हणून लेकाने कुणाची तरी ड्रिल मशीन मागून आणली आणि चांगल्या छताला भोकं पाडली.

"बाळ डोळ्यासमोर राहील, आई," सून म्हणाली.

पण ती कामाला बसायची ती पाळण्याकडे पाठ करून. पाठीला कुणाच्या डोळे नसतात. मी ती गोष्ट मनात ठेवली.

सून पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला आहे. दवाखान्यांची बिलं तिच्या कंप्युटरवर येतात. विम्यासाठी ती तपासायची, रकाने भरायचे आणि पुढे पाठवायची. आधी पुण्यात ऑफिसात बसून करायची. बाळंतपणानंतर तिने घरून काम मागून घेतलं. माझा लेक वणीला कोळशाच्या खाणीत गाड्या दुरुस्त करतो. शनिवारी येतो, सोमवारी उजाडायच्या आत निघतो. म्हणजे आठवडाभर घरात मी, सून आणि पाळण्यातली नात.

कंपनीने परवानगी दिली, पण अट घातली. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारका दिवा असतो. माणूस माउस हलवत असला किंवा टाइप करत असला की तो हिरवा राहतो. हात थांबला की थोड्या वेळाने पिवळा होतो. तो दिवा पुण्यात साहेबांनाही दिसतो. पिवळा फार दिसायला लागला की घरचं काम बंद, पुण्याला ऑफिसात या. सून पुण्याला गेली म्हणजे नातही गेली. मला एकटं राहायची भीती नाही, नवरा गेल्यावर मी वर्षानुवर्षं राहिले आहे. पण त्या पोरीला रोज तेल लावणं, शेकणं मी हातात घेतलं होतं. हातात घेतलेलं काम मधेच कुणी काढून नेलेलं मला चालत नाही.

दिव्याचं हे सगळं सुनेनेच मला सांगितलं होतं. म्हणूनच एक दिवस पाळण्याची दोरी ओढून पाणी प्यायला उठले आणि चमकले. खुर्ची रिकामी. सून मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, कान-खांद्यात फोन धरून. आणि दिवा हिरवा.

मी अंगणात गेले. "तू अठी, न दिवा हिरवा कसा व?"

"आत्ताच उठले, आई. थोडा वेळ हिरवा राहतो तो."

बादलीत बघितलं. सगळे कपडे दोरीवर गेले होते, तळाला दोन लंगोट उरले होते. आत्ताच उठलेल्या बाईची बादली एवढी रिकामी होत नाही.

मग मी लक्ष ठेवायला लागले. फोनवर कुणाशी बोलते ते ऐकायला एकदा दाराआड उभी राहिले. ती तिच्या आईशी बोलत होती आणि बोलणं माझ्याबद्दल होतं. म्हातारी बाळाला फार तेल चोपडते, असं. ते ऐकून मी आणखी दोन दिवस जास्त तेल लावलं. पण संशय गेला नाही. काम न करता हिच्या दिव्याला हिरवं कोण ठेवतं?

मला कामाची ढोंगं नवीन नाहीत. कापसात निंदणाला जायचो तेव्हा मालक धुऱ्यावर, बांधावर उभा असला की सगळ्या वाकलेल्या, तो घराकडे वळला की सगळ्या सरळ. आमच्यात एक बाई होती, ती बसल्या बसल्या खुरपं दगडावर वाजवत राहायची. मालक लांब असेल तर आवाजावरून त्याला वाटायचं, काय झपाट्याने निंदते. तिची ओळ मात्र सगळ्यांत मागे. तेव्हापासून खुरप्याचा फार आवाज आला की मी आधी ओळीकडे बघते. पण सुनेची ओळ मला दिसत नव्हती. ती कंप्युटरच्या आत होती.

लेकाला शनिवारी सांगितलं. त्याचं उत्तर, "तिच्या कामात तू डोकं नको घालू, माय." म्हणजे त्यालाही काहीतरी माहीत होतं, असं मी धरून चालले.

आणखी एक गोष्ट होती. दुपारी नात झोपली की सून मला म्हणायची, "आई, दोरी ओढत राहा ना जरा, नाही तर उठते ती." मी खाली बसून पाळण्याची दोरी ओढायचे. नात झोपली तरी ओढायचं. नात उठून माझ्या मांडीवर आली तरी सून म्हणायची, "पाळणा चालू राहू द्या, आई. बंद झाला की तिला समजते, रडते." मांडीवरच्या पोरीला पाळणा बंद झालेला कसा समजतो, हे मी विचारायला हवं होतं.

ते विचारलं शेजारणीने. शेजारीण माझ्याच वयाची. त्यांची घरची शेती आहे, कापूस-तूर. आमचं बोलणं चांगलं आहे, पण दोघींनाही टोमणा मारल्याशिवाय चहा गोड लागत नाही. त्या दिवशी ती नात बघायला आली. नात माझ्या मांडीवर, सून न्हाणीत गेलेली आणि मी रिकामा पाळणा ओढत बसलेली.

"हे काय करून राह्यली व बाई?" ती म्हणाली. "रिकामा पाळणा हालवू नये. लेकराच्या पोटात दुखते."

आमच्या घरात हे चालत नाही. माझ्या बापाने दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. त्याने घरातले देव टोपलीत घालून नदीला दिले. गंडे, दोरे, ताईत, लिंबू-मिरची सगळं उंबऱ्याबाहेर गेलं ते गेलं. मी चार पोरं वाढवली, एकाच्याही गालाला काजळाचं बोट लावलं नाही. म्हणून शेजारणीने असं म्हटल्यावर मी दोरी आणखी जोरात ओढली. पाळणा भिंतीला लागता लागता राहिला.

"दुखत असन त तिच्या आजीच्या पोटात दुखन," मी म्हटलं. "पाळणा लाकडाचा हाये. त्याले काय समजते, आत कोण हाये न कोण नाही."

शेजारीण जवळ आली. तिने पाळण्याच्या काठावर बोट फिरवलं आणि हसली. "बरं. नाही मानत तुम्ही. मंग हा काळा दोरा कायचा हाये?"

मी वाकून बघितलं. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं राहिलं आहे. पण दोरा खरंच होता. पाळण्याच्या भिंतीकडच्या दांडीला पक्की गाठ मारलेला बारीक काळा दोरा.

"शेवटी तुमच्याबी घरात आलाच," शेजारीण म्हणाली. "येऊ द्या. लेकराचं करते, त्याच्यात लाज कायची?"

ती गेली. मला लाजेपेक्षा राग जास्त आला. सगळं जुळत होतं. आतल्या खोलीचा हट्ट, पाठ करून बसणं, फोनवर हळू बोलणं, रिकामा पाळणा हलवत ठेवायचा. कुण्या बाबाने सांगितलेलं दिसतं. एवढी शिकलेली पोरगी आणि बाळाला नजर लागू नये म्हणून दोरा, तोही माझ्यापासून लपवून. मी नातीला सतरंजीवर ठेवलं, शिवणाच्या डब्यातून कातर काढली आणि दोरा कापला. एक टोक पाळण्याला राहिलं, दुसरं सटकन टेबलाकडे पळालं. दोरा असा पळतो का, हे बघायला हवं होतं. मी गाठ सोडवण्यात गुंतले होते.

सून ओल्या केसांनी आली. तिची नजर आधी पडद्यावर गेली. दिवा पिवळा. मग माझ्या हातातल्या कातरीवर.

"आई, काय केलं तुम्ही?"

"तुह्या बाबाचा दोरा कापला. कोण्या बाबाकडे गेलती?"

"बाबा? कोणता बाबा?"

"ज्यानं पाळण्याले काळा दोरा बांधाले सांगतला तो."

ती खुर्चीत बसली आणि कपाळाला हात लावला. मग टेबलावरचं कापड उचललं. दोऱ्याचं दुसरं टोक माउसला बांधलं होतं. माउसच्या दुसऱ्या बाजूला तिचं केसांचं रबर, ते टेबलाखाली कडेला मारलेल्या खिळ्याला अडकवलेलं. पाळणा पलीकडे गेला की दोरा माउस ओढायचा, पाळणा अलीकडे आला की रबर त्याला परत न्यायचं. आणि पाळणा ओढत होते मी. इतके दिवस हिच्या दिव्याला हिरवं कोण ठेवतं म्हणून मी शोधत होते. मीच ठेवत होते.

"काम करत नाही म्हणून नाही, आई," ती म्हणाली. "बिलं येतात तेवढी मी संपवते. पुढची यायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात मी हिला पाजू, की नुसता माउस घासत बसू?"

खरं असेल. पण ते ती म्हणत होती. मला तपासता येत नव्हतं आणि खोटं तर ती माझ्याशी रोज बोलली होती. मी तसं तोंडावर म्हटलं.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही दोरी ओढली असती?"

"नसती ओढली."

"मग?"

तेवढ्यात पुण्याहून मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. मॅडम म्हणजे सुनेची वरची. तरणीच होती, डोळ्यांखाली काळं, मागे पांढरी भिंत. तिने माझ्या कातरीमुळे फोन केला नव्हता. तिच्याकडे ते आधीच पोचलं होतं.

"हे बघ," मॅडम सुनेला म्हणाली, "तुझा माउस रोज दुपारी एकाच रेघेवर पुढे-मागे जातो. आधी मोठ्या उड्या, मग लहान, मग त्याहून लहान, मग बंद. परत एकदम मोठ्या. त्या वेळात एक अक्षर टाइप केलेलं नसतं. कुणाचा हात असा चालत नाही. काय लावलंयस?"

मी खाली बसून ऐकत होते. आधी मोठ्या, मग लहान, मग बंद. तो माझा झटका होता. मी एकदा जोरात ओढते आणि पाळणा आपोआप थांबेपर्यंत डुलकी घेते.

"काही नाही, मॅडम," सून म्हणाली. "पाळणा टेबलाजवळ आहे. त्याचा धक्का लागत असेल."

"दाखव."

सुनेने कंप्युटरचं तोंड फिरवलं. पाळणा दिसला, सतरंजीवर नात दिसली आणि मी दिसले. सून पडद्यामागून माझ्याकडे बघत होती. डोळ्यांनी जे सांगायचं ते तिने सांगितलं.

"आजी, नमस्कार," मॅडम म्हणाली. "पाळण्याचा धक्का लागतो का हो टेबलाला?"

हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं, हे मला कळत होतं. नाही म्हटलं तर सून पुण्याला, नात पुण्याला. पण मॅडमला उड्या दिसल्या होत्या. धक्क्याची गोष्ट तिने आज ऐकून घेतली असती आणि उद्या पुन्हा उड्या मोजल्या असत्या. शिवाय मला कुणी सरळ विचारलं तर मला वाकडं सांगता येत नाही. तो काही गुण नाही, सवय आहे. त्यापायी माझी माणसं तुटलेली आहेत.

"धक्का नाही लागत," मी म्हटलं. "दोरा बांधला होता. आत्ता मी कापला."

सुनेने डोळे मिटले.

"तिचं काम बाकी हाये का काही?" मी विचारलं. "ते पाहून सांगा. मलेबी समजू द्या."

मॅडम खाली बघून काही तरी चाळत राहिली. "काम झालेलं आहे," ती म्हणाली. "बाकीच्यांपेक्षा आधी झालेलं आहे. पण प्रश्न कामाचा नाही, आजी. विश्वासाचा आहे."

"विश्वास असता त दिवा कायले लावला असता?"

तिने आवाज बारीक केला. मग म्हणाली, "तो मी नाही लावला. माझ्या कंप्युटरवरही आहे एक."

हे तिने का सांगितलं, कोण जाणे. मी त्यावरही लगेच विश्वास ठेवला नाही. पण तिचे डोळे बोलताना सारखे एका कोपऱ्याकडे जात होते. आमच्या सुनेचेही तसेच जातात.

सुनेने त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद केलं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, तोंड उघडायची नाही. लेक शनिवारी आला, त्याला फोनवरच सगळं समजलं होतं. माझ्याशेजारी बसून तो म्हणाला, "माय, एक खेप खोटं बोलली असती त काय झालं असतं?"

"तुही बायको रोज बोलत होती. त्याच्यात माही भर कायले पाह्यजे?"

"तिले पुण्याले जा लागन आता."

"त जाऊ दे तिले. दोरा मी नव्हता बांधला."

असं म्हटलं खरं. पण दुसऱ्या दिवशी नातीचे लंगोट घड्या करताना माझ्या लक्षात आलं, की मी ते दोन गठ्ठ्यांत ठेवते आहे. एक इथे ठेवायचा, एक न्यायचा. मला कुणी सांगितलं नव्हतं.

कंपनीचं उत्तर आलं. सुनेला काढलं नाही, पण पुण्याला बोलावण्याआधी एक संधी म्हणून नवीन नियम लावला. दिवसात केव्हाही, न सांगता, कंप्युटर आपोआप समोरचा फोटो काढणार. फोटोत खुर्चीत माणूस हवा. दोनदा खुर्ची रिकामी सापडली की घरचं काम बंद. हे सुनेने मला सांगितलं नाही, लेकाला फोनवर सांगताना मी ऐकलं. सुनेने पाळणा स्वतः उतरवून समोरच्या खोलीत जुन्या कड्यांना टांगला. वारा आला, नात चांगली झोपायला लागली. ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पहिल्याच आठवड्यात माझा गुडघा सुजला. नातीला न्हाऊ घालायचं काम माझं, पण मला पाटावर बसता येईना. सून आतून उठली, पोरीला उचलून न्हाणीत गेली. जाताना तिने एकदा खुर्चीकडे मागे वळून बघितलं. एकदा रिकामी सापडून झाली होती, आदल्या दिवशी, पोरीला ओकारी झाली तेव्हा.

मी स्वयंपाकघरात सुपात लसूण घेऊन सोलत होते. सूप घेऊन उठले, आत गेले आणि तिच्या खुर्चीत बसले. सूप टेबलावर ठेवलं. माउसला हात लावला नाही. पडद्यावर कुणाचं तरी बिल उघडं होतं, तिकडेही बघितलं नाही. लसूण सोलत राहिले. टिक असा बारीक आवाज आला.

दुपारी मॅडमचा व्हिडिओ कॉल आला, या खेपेला फोनवर. सूनबाई घाबरीघुबरी. तिला काहीच माहीत नव्हतं. मॅडमने फोटो दाखवला. त्यात मी, डोक्यावर पदर, हातात लसणाचा गड्डा.

"आजींना बोलवा," मॅडम म्हणाली. मी आले. "आजी, तुम्ही खुर्चीत काय करत होता?"

"लसूण सोलत होती."

"तिथे का पण?"

"खुर्ची रिकामी दिसली असती त तुम्हाले शंका आली असती. सून लेकराले न्हाऊ घालून राह्यली होती. म्हून मी बसली."

"आता मला जास्त शंका येते, आजी. तिच्या जागी दुसरंच कुणी काम करतं असं वाटतं."

"मी चौथी पास हाये," मी म्हटलं. "मी बिलं तपासली त तुमचे दवाखाने बंद पडतीन."

मॅडम हसली की खोकली, ते कळलं नाही. शेजारी सून उभी होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्या बाजूने बोलली. "मॅडम, मी आईंना सांगितलं नव्हतं. त्यांना सांगून त्या ऐकतही नाहीत."

मॅडमने विचार केला. मग म्हणाली, बाळाच्या न्हाण्याची आणि पाजायची वेळ लिहून पाठव, तेवढा वेळ फोटो निघणार नाही अशी मी व्यवस्था करते. बाळ वर्षाचं होईपर्यंत. पुढचं पुढे बघू. "आणि आजी," ती म्हणाली, "त्या वेळेत पाळणा वगैरे काही नको."

"पाळणा समोरच्या खोलीत नेला," मी म्हटलं. "विश्वास नसन त दाखवतो."

"दाखवा," ती म्हणाली.

सुनेने फोन घेऊन जाऊन दाखवला. मॅडमने पाळण्याच्या दांडीपर्यंत जवळ न्यायला लावला. दांडीला दोरा नव्हता. मी तिच्या जागी असते तर मीही तेवढं बघितलंच असतं.

नातीला वर्ष व्हायचं आहे अजून. सून बोलते आता, पूर्वीइतकंच. दोरा कापल्याबद्दल ती मला काही म्हणाली नाही आणि दोरा बांधल्याबद्दल मीही पुन्हा काही म्हटलं नाही. शेजारणीला मात्र मी खरं काय ते सांगितलं नाही, कारण तिने विचारलं नाही. तिला वाटतं, मी नजरेचा दोरा कापून टाकला. ती पाळण्याकडे बघून पुटपुटत असते.

सकाळी आतली खोली झाडताना मी टेबलाखाली हात फिरवते. खिळा आहे, रबर नाही. सुनेला हे माहीत आहे. मी झाडायला गेले की तीही उठते, शिवणाचा डबा उघडते आणि कातर जागेवर आहे का ते बघून झाकण लावते.